काँव्हेर्से : राहणं, वावरणं, मिसळणं (आणि जमलंच तर बोलणं)

लिमलेटची_गोळी

सध्या जुन्या फ्रेंचचा नाद लागलाय. जुनी म्हणजे अगदी 11व्या-12व्या शतकातली, जेव्हा लॅटिनची कात टाकून नुकतीच बाहेर पडली होती ती. आजची फ्रेंच येत असली तरी ही वाचताना निम्मे शब्द ओळखीचे वाटतात आणि तिथेच दगा देतात. असाच एक शब्द आहे त्यावर हा धागा, इथे भाषेचे किडे भरपूर आहेत म्हणून.

शब्द आहे काँव्हेर्से. आजच्या फ्रेंचमधे अर्थ सरळ आहे, गप्पा मारणे, संभाषण करणे. इंग्रजीतलं कॉन्व्हर्सेशन त्याच घरातलं. पण मध्ययुगात या क्रियापदाचा बोलण्याशी जवळपास संबंधच नव्हता. तेव्हाचा मुख्य अर्थ राहणे. त्याला चिकटून बाकीचे: कुणाच्या संगतीत असणे, लोकांत मिसळणे, एखाद्या ठिकाणी नेहमी जाणं-येणं असणे, अमुक एका रीतीने आयुष्य काढणे, आणि हो, स्त्री-पुरुष संबंधही.

कोशातला अर्थ वाचून फार काही होत नाही, म्हणून एक ओळच देते. 'संत अलेक्सिसचं चरित्र' म्हणून एक काव्य आहे, 11व्या शतकाच्या मध्यातलं, पाच-पाच ओळींची 125 कडवी. फ्रेंच साहित्याच्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक. गोष्ट थोडक्यात अशी. रोममधल्या बड्या घरचा एकुलता एक मुलगा अलेक्सिस, लग्नाच्या रात्रीच बायकोला सोडून देवाच्या ओढीने पळून जातो. 17 वर्षं पूर्वेकडे भिकाऱ्यासारखा काढतो. मग जहाज वाऱ्याने भरकटतं आणि तो परत रोमलाच येऊन पडतो. रस्त्यात स्वतःचा बाप भेटतो, त्यालाच म्हणतो, देवाच्या नावाने तुमच्या घरात आसरा द्या, जिन्याखाली एक पथारी टाकू द्या. बाप देतो, ओळखत नाही. मग पुढची 17 वर्षं हा स्वतःच्या बापाच्या घरात, जिन्याखाली, चटईवर. पानातलं उष्टं-उरलेलं त्याला मिळतं, त्यातलंही लागेल तेवढंच ठेवून बाकीचं गोरगरिबांना देतो. घरातले गडी खरकटं पाणी त्याच्या डोक्यावर ओततात. आई आणि बायको रोज समोरून जातात, त्याच्याच नावाने रडत.

आणि इथे कवी म्हणतो: "इलॉक काँव्हेर्सेत एइसी दिस ए सेत आन्झ." तिथे तो असा सतरा वर्षं काँव्हेर्से करतो. लगेच पुढची ओळ, त्याच्या नात्यातल्या कुणीच त्याला ओळखलं नाही.

आता सांगा, आजचा अर्थ घातला तर काय होईल? सतरा वर्षं गप्पा मारल्या! ज्या माणसाने घरच्यांना आपण कोण हे शेवटपर्यंत तोंडाने सांगितलं नाही, त्याच्यासाठी हे क्रियापद वापरलंय. मरायला टेकल्यावर तो शाई, चामड्याचा कागद आणि लेखणी मागून घेतो आणि सगळं लिहून ठेवतो, ते कळतं तो गेल्यावर.

मला मराठीत ही ओळ आणायची आहे. 'राहिला' फार कोरडं वाटतंय. काय वापरावं?

बारावीचीवही

मस्त धागा. पण हे सिद्धार्थ गौतमाचंच नाही का? रात्री बायको सोडून निघाला वगैरे. तिकडून उचललेलं असणार.

लिमलेटची_गोळी

@बारावीचीवही, साम्य डोळ्यांत भरतं खरं. पण अलेक्सिसच्या कथेचं सगळ्यात जुनं रूप सिरियाक भाषेत मिळतं, एडेसा शहरातला एक निनावी 'देवाचा माणूस'. त्यात तो एडेसामधेच मरतो. रोमला परत येणं, जिना वगैरे नंतरची भर. बुद्धाचं चरित्र युरोपात वेगळ्याच वाटेने गेलं, बारलाम आणि जोसाफात म्हणून. त्यातला जोसाफात म्हणजे बोधिसत्त्व या शब्दाचं घासून घासून झालेलं रूप, आणि त्या जोसाफातला चर्चने चक्क संत मानलं होतं. तो एक स्वतंत्र धागा होईल, इथे नको.

अर्धाकप_साखरकमी

रोमला अव्हेंटाइन टेकडीवर सान्त बोनिफाचो आणि अलेस्सिओचं चर्च आहे तिथे तो 'जिना' ठेवलाय! आम्ही गेलो होतो तेव्हा आत शिरल्यावर डावीकडे बघते तर लाकडी पायऱ्या भिंतीत वर टांगल्यासारख्या आणि त्याच्याखाली संत आडवा पडलेला, पुतळा, यात्रेकरूच्या वेशात. मला गोष्ट माहीत नव्हती, वाटलं हा बिचारा जिन्यावरून पडून मेला की काय. आता कळलं. तिथे बहुतेक लोक बाहेरच्या बागेतून सेंट पीटरचा घुमट बघतात आणि जातात, आत कोणी फिरकत नाही.

संस्कृतचा_तास

लिमलेटताई, शब्दाचं मूळ तुम्ही दिलं नाहीत आणि खरी मजा तिथे आहे.

लॅटिन कॉन्व्हेर्सारी. कॉन म्हणजे सह. व्हेर्सारी हे व्हेर्तेरे (वळणे) या धातूचं पौनःपुन्याचं रूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वळणे, इकडून तिकडे फिरत राहणे. त्यावरून एखाद्या जागी किंवा लोकांत फिरत राहणे, म्हणजेच तिथे असणे, जगणे. आता हा व्हेर्तेरे आणि आपला संस्कृत वृत् हे सख्खे भाऊ आहेत. वृत् म्हणजे वळणे, फिरणे, आणि असणे, जगणे, वागणे. वर्तते. वर्तन, वर्तणूक, वृत्ती, आवर्तन, निवृत्त, सगळं त्यातलं. लॅटिन कॉन्व्हेर्सातिओचा मूळ अर्थ मराठीत सांगायचा तर 'वर्तणूक' हा शब्द नुसता योग्य नाही, रक्ताच्या नात्याचा आहे.

आणि आता याच्या पुढे. वृत् वरून वृत्ती, वृत्तीवरून वार्ता. आज वार्ता म्हणजे बातमी, वार्तालाप म्हणजे संभाषण. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वार्ता म्हणजे काय? शेती, पशुपालन आणि व्यापार या तिन्ही मिळून वार्ता. म्हणजे पोटापाण्याचा उद्योग, उपजीविका. राजाने शिकायच्या चार विद्यांत ती एक आहे, आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता, दंडनीती. रा. प. कंगल्यांची आवृत्ती बघा. तर जगण्याच्या रहाटगाडग्याला वार्ता म्हणायचे, आणि तोच शब्द पुढे बोलण्या-सांगण्याकडे घसरला. तिकडे कॉन्व्हेर्सारीचं तेच झालं.

बारावीचीवही

म्हणजे फ्रेंच शब्द संस्कृतातून आला.

संस्कृतचा_तास

नाही. दोघांचा पणजोबा एक. एकाच मूळ धातूवरून दोन घरांत दोन वेगळ्या काळी हे घडलं, कोणी कोणाचं पाहून केलं नाही, म्हणून तर ते लक्षात घेण्यासारखं. एकाने दुसऱ्याकडून घेतला असता तर त्यात काय विशेष होतं.

वऱ्हाडी_ठेचा

लिमलेट ताई तुमच्या ओळीले 'वावरला' घाला ना. सतरा वर्सं थो तिथंच वावरला. राहाणं बी आलं, फिरणं बी आलं, माणसाइतलं असणं बी आलं.

आता आमच्याकडं वावर म्हंजे शेत हे सोडून द्या 😀 वावर हाय तर पावर हाय. पण कौटिल्याची वार्ता म्हंजे शेती असंन तर आमचं वावर बी त्यातच बसते, नाही का गुरुजी

संस्कृतचा_तास

बसवा बसवा, व्युत्पत्ती सोडून बाकी सगळं बसतं.

लिमलेटची_गोळी

'वावरला' फार आवडलं. फक्त एक अडचण, अलेक्सिस जिन्याखालून हलतच नाही. कवी सांगतो की देवळात जाण्याखेरीज तो तिथून निघायचा नाही अशा अर्थाचं. वावरण्यात एक मोकळेपणा आहे, घरभर फिरण्याचा. तो याला नाही.

पण वावरणे आणि काँव्हेर्से यांचा पोत एकच आहे हे खरं. 'तो साहित्यिकांच्या वर्तुळात वावरतो' हे वाक्य जुन्या फ्रेंचमधे न्यायचं झालं तर मी डोळे मिटून काँव्हेर्से घालीन.

वसईची_केळी

आमच्याकडे (वसईत, ख्रिस्ती घर) हा विषय जेवणाच्या टेबलावर निघालेला आहे कारण माझे काका जुनं इंग्लिश बायबल वाचायचे, 1611 चं किंग जेम्स. त्यात फिलिप्पैकरांस पत्रात 3:20 ला वाक्य आहे, अवर कॉन्व्हर्सेशन इज इन हेवन. मी शाळेत असताना मला वाटायचं की स्वर्गात आपल्या गप्पा चालल्यात. मराठी बायबलमधे तिथे नागरिकत्व आहे, आपले नागरिकत्व स्वर्गात आहे. लॅटिनमधे कॉन्व्हेर्सातिओ आहे आणि मूळ ग्रीक शब्द पोलितेउमा, नगराचं सदस्यत्व अशा अर्थाचा. किंग जेम्सवाल्यांनी लॅटिनचाच शब्द उचलला कारण त्यांच्या काळात इंग्रजीत पण कॉन्व्हर्सेशन म्हणजे जगण्याची रीत हा अर्थ जिवंत होता. त्याच बायबलमधे पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे की न मानणाऱ्या नवऱ्यांना बायकांनी आपल्या कॉन्व्हर्सेशनने जिंकावं, आणि एक शब्दही न बोलता! एकाच वाक्यात 'विदाउट द वर्ड' आणि 'कॉन्व्हर्सेशन'. आजच्या अर्थाने वाचलं तर वाक्य स्वतःच्याच पायात पाय घालून पडतं.

अजून एक. बेनेडिक्टाईन मठवासी तीन वचनं देतात, एकाच मठात टिकून राहणं, आज्ञापालन, आणि मधलं ते कॉन्व्हेर्सातिओ मोरुम. हे 6व्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत 58व्या प्रकरणात आहे. मधल्या वचनाचा अर्थ लावताना सगळ्यांची दमछाक. मठाच्या रीतीने रोजचं जगणं, असा काहीसा. नंतरच्या नकला करणाऱ्यांना तो कळेना म्हणून त्यांनी कॉन्व्हेर्सिओ करून टाकलं, म्हणजे परिवर्तन, मनपालट. सोपं, समजणारं आणि चूक. शेकडो वर्षं तसंच छापत राहिले. 1912 साली कथबर्ट बटलर नावाच्या मठाधिपतीने आपल्या आवृत्तीत जुन्या हस्तलिखितांप्रमाणे परत कॉन्व्हेर्सातिओ केलं. सांक्त गालेन (स्वित्झर्लंड) मठात 9व्या शतकातली एक नक्कल आहे, ती मूळ पाठाला फार जवळची मानतात, तिच्यात तसंच आहे.

लिमलेटची_गोळी

@वसईची_केळी, क्या बात! पेत्राचं उदाहरण अलेक्सिसच्या जिन्याखाली नेऊन ठेवण्यासारखं आहे.

नकलाकारांची गोष्ट सुद्धा भारी. परिवर्तन एका दिवसात होतं, सांगता येतं, तारीख टाकता येते. रोजचं वर्तन सांगायला काही नाही. म्हणून हाताला पहिला शब्द लागला तो आत गेला असणार.

कोर्टाची_पायरी

शरीरसंबंधाचा अर्थ ताईंनी एका ओळीत उडवलाय, सभ्य धागा दिसतोय, तर वकील म्हणून माझं कर्तव्य बजावतो.

इंग्लंडच्या कायद्यात 'क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन' नावाचा दावा होता. लोक लाडाने क्रिम कॉन म्हणत. नाव क्रिमिनल पण खटला दिवाणी आणि कॉन्व्हर्सेशन पण त्यात काहीच नाही 😀 परपुरुषाने माझ्या बायकोशी संबंध ठेवले म्हणून नवरा त्या पुरुषावर नुकसानभरपाईचा दावा लावणार. बायको त्यात पक्षकारच नाही, तिला बाजू मांडता येत नाही, कारण कायद्याच्या लेखी नुकसान झालंय ते नवऱ्याचं. सगळ्यात गाजलेला 1836 चा, जॉर्ज नॉर्टनने थेट पंतप्रधान लॉर्ड मेलबर्नवर ठोकला, 10,000 पौंड मागितले. ज्युरीने जागेवरून न उठता मेलबर्नला मोकळं केलं. पण बायको कॅरोलाइन नॉर्टन, तिची तीन मुलं नवऱ्याने ताब्यात घेतली आणि कायदा त्याच्या बाजूने. ती बाई लेखिका होती, गप्प बसणारी नव्हती, पत्रकं काढली, खासदारांच्या मागे लागली, आणि 1839 चा मुलांच्या ताब्याचा कायदा आला त्यात तिचा मोठा वाटा. क्रिम कॉन इंग्लंडमधे 1857 ला बंद झाला, आयर्लंडमधे 1981 पर्यंत होता आणि अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात अजून चालतो.

आपल्याकडे? 1869 चा भारतीय घटस्फोट कायदा, ख्रिस्ती लोकांसाठीचा. त्याच्या कलम 34 मधे नवऱ्याला व्यभिचारी पुरुषाकडून भरपाई मागता यायची. सरळ तिकडची कलम करून लावलेली फांदी. 2001 च्या दुरुस्तीत गेलं. भादंवि (भारतीय दंड संहिता) 497, व्यभिचाराचं कलम, वेगळं, ते फौजदारी, पण दृष्टी तीच, गुन्हा नवऱ्याच्या विरुद्ध. ते सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2018 मधे रद्द केलं.

बारावीचीवही

म्हणजे इंग्रज न्यायाधीश गंभीर चेहऱ्याने विचारायचे की यांच्यात कॉन्व्हर्सेशन झालं होतं का 😂😂

कोर्टाची_पायरी

हसू नका, आपण काय वेगळं करतो? 'त्यांचे संबंध होते.' कसले? संबंध म्हणजे नुसतं बांधलेलं असणं. सहवास, समागम, अंगसंग, सगळे मुळात सोबतीचे शब्द. पुरवणी जबाब वाचले की असल्या मोघम शब्दांची किंमत कळते, उलटतपासणीत त्यावरच तासभर जातो.

मोगरा_आणि_मिसळ

समागमावरून, आमच्या सासरी एका चुलत आजेसासूबाई 'संतसमागमाला चालले' म्हणून निघायच्या आणि कॉलेजातली नातवंडं तोंडात पदर (म्हणजे रुमाल) कोंबून बसायची. त्यांना शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही का हसतात.

ताई, माझं मत 'नांदला' ला. राहणे + सगळ्यांत मिसळून जाणे + घरचं होऊन राहणे. सून नांदते. एका घरात दहा माणसं नांदतात.

लिमलेटची_गोळी

नांदणे हा राहणे आणि मिसळणे एकाच वेळी बोलणारा शब्द, यात वादच नाही. काँव्हेर्से एंत्र ले जाँ, लोकांमधे काँव्हेर्से करणे, असा जो वापर आहे तिथे तो चपखल. पण नांदण्याला सुखाची कड आहे ना. सुखाने नांदा म्हणतात. डोक्यावर खरकटं पाणी पडतंय आणि हा नांदतोय?

मोगरा_आणि_मिसळ

ताई, सासरी नांदणाऱ्या कितीजणींच्या डोक्यावर काय काय पडतं ते विचारू नका. तरी नांदणंच म्हणतात त्याला.

कोर्टाची_पायरी

+1. आणि 'नांदायला येण्याचा दावा' पण असतो, हिंदू विवाह कायदा कलम 9. रखमाबाईंची केस आठवा, दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई, मुंबई हायकोर्ट. लहानपणी लावलेलं लग्न, तिला नांदायचं नव्हतं. 1885 ला न्या. पिन्हींनी तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलात फिरला, 1887 ला हुकूम झाला की नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद. ती म्हणाली कैद चालेल. 1888 ला पैसे देऊन तडजोड झाली, आणि पुढे ती लंडनला शिकून डॉक्टर झाली. हा दावा पण इंग्लंडच्या धर्मपीठाच्या न्यायालयांतून इकडे आलेला, आपल्या शास्त्रात असा नव्हता, हेच पिन्हींचं म्हणणं होतं.

लिमलेटची_गोळी

मोगरा, पटलं. सुखाची कड ही आशीर्वादातली आहे, शब्दातली नाही. विचार करतेय.

चष्मा_विसरलो

चित्रकलेच्या बाजूने दोन पैसे. इटालियन चित्रांत 'साक्रा कॉन्व्हेर्सात्सिओने' नावाचा एक प्रकार आहे, शब्दशः पवित्र संभाषण. मधोमध मेरी आणि बाळ येशू, दोन्ही बाजूंना संत. व्हेनिसला सान झक्कारिया चर्चमधे जोव्हानी बेल्लिनीचं आहे, 1505 चं. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो (नाणं टाकलं की दिवा लागतो, दिवा गेला की परत नाणं). पीटर, कॅथरिन, लूसी, जेरोम. एकजण कुणाशी बोलत नाही. बघत पण नाहीत एकमेकांकडे. जेरोम त्याच्या जाडजूड पुस्तकात डोकं घालून, पायथ्याशी एक देवदूत तंतुवाद्य वाजवतोय, बाकी सगळे आपापल्यात. मनात आलं याला संभाषण कोणी म्हटलं असेल. हे संत सगळे एका काळातले नाहीत, चौघं जिवंतपणी एकत्र भेटले असण्याची शक्यताच नाही, आणि तरी एका कमानीखाली, एका उजेडात उभे आहेत. आता हा धागा वाचून कळतंय, पवित्र संगत.

फणसाचा_गरा

हाँट (इंग्रजीतलं, भुताने पछाडणं) या शब्दाचं पण असंच काहीतरी आहे ना? मूळ फ्रेंच म्हणे.

लिमलेटची_गोळी

हो! आँते. तो तर काँव्हेर्सेचा शेजारीच. 12व्या शतकापासून नॉर्मन मुलखातल्या फ्रेंचमधे आहे, आणि तो लॅटिन नाही, जुन्या नॉर्स भाषेतला, व्हायकिंगांनी आणलेला. हाइम्ता, घरी आणणे, त्यातला हाइम म्हणजे घर, इंग्रजी होमचा भाऊ. फ्रेंचमधे अर्थ राहणे, एखाद्या ठिकाणी किंवा माणसाकडे नेहमी जाणं असणे. भूत अजिबात नाही. फ्रेंच म्हण आहे, तू कुणाला 'आँते' करतोस ते सांग, तू कोण आहेस ते मी सांगतो. आपल्याकडे ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तोच विषय, फक्त आपल्याकडे बैल आहेत.

भूत शिरलं ते इंग्रजीत, शेक्सपिअरच्या सुमारास, आणि मग बऱ्याच नंतर इंग्रजीच्या नादाने फ्रेंचमधेही.

फणसाचा_गरा

आमच्याकडे कोकणात काय वेगळं आहे. 'त्या घरात वावर हा' म्हटलं की कोणी विचारीत नाही कुणाचा. माणसाचा असेल तर नाव घेतात. नाव न घेता नुसता वावर म्हटला की समजायचं आणि तिन्हीसांजेला तिकडून जायचं नाही.

वऱ्हाडी_ठेचा

अन आमच्याकडं 'त्याचं वावर हाय' म्हटलं का लोक पोरगी द्यायले तयार होतात

फणसाचा_गरा

😂😂 हिंजवडीत बसून हसतोय, बाजूचा बघतोय

अर्धाकप_साखरकमी

मग काँव्हेर्सेचा अर्थ नुसता बोलणे कधी झाला? आणि मधल्या काळात बोलण्याला काय म्हणत होते? मुके तर नव्हते.

लिमलेटची_गोळी

बोलायला पार्ले होताच. निवांत बसून चर्चा, वादसंवाद, त्याला काँफेरे. माँतेन्यचा 1588 च्या आवृत्तीत आलेला संभाषणकलेवरचा निबंध आहे, त्याच्या नावात काँफेरे आहे, काँव्हेर्से नाही. आणि माणसांच्या संगतीसाठी तो कोमेर्स वापरतो, व्यापाराचा शब्द! त्याचा एक निबंध तीन 'व्यापारां'वर आहे: मित्रांची संगत, बायकांची संगत, पुस्तकांची संगत. पुस्तकांची सगळ्यात बिनतक्रार असं म्हणतो.

बोलणे हा अर्थ 17व्या शतकात ठामपणे बसला. पॅरिसमधे तेव्हा बड्या बायकांच्या दिवाणखान्यात बैठका भरत, मादाम द राँबुयेची प्रसिद्ध आहे. तिथे संगत करणे म्हणजे काय, तर बसून छान बोलणे. ना एकत्र शेती, ना एकत्र प्रार्थना, ना एका छपराखाली राहणं. माझा अंदाज असा आहे (कोशाचा नाही, माझा) की ज्या लोकांना एकमेकांबरोबर बोलण्याशिवाय दुसरं काही करायचंच नव्हतं त्यांच्या हातात पडून हा शब्द आखडला. लोक म्हणतात अर्थ 'विकसित' झाला. मला तर जिन्याखालची सतरा वर्षं मावतील एवढा मोठा शब्द कापून त्याचा रुमाल केल्यासारखं वाटतं.

संस्कृतचा_तास

जरा सबुरीने. अर्थसंकोच झाला की लगेच ऱ्हास झाला असं नसतं. संगतीतला बोलणं हा भाग आधीपासून आत होताच, तो पुढे आला इतकंच. वार्ता शब्दाने शेती सोडली म्हणून कोणी नांगर टाकला नाही.

लिमलेटची_गोळी

सर, व्याकरणाच्या अंगाने मान्य. तरी मी रुमालावर ठाम आहे.

वसईची_केळी

मला लिमलेटचं पटतं. किंग जेम्सचं ते वाक्य आता कोणाला कळत नाही, म्हणून नवीन भाषांतरात सिटिझनशिप घालावं लागलं. शब्द असून हरवला.

चष्मा_विसरलो

बाय द वे अलेक्सिसची हस्तलिखित प्रत कुठे आहे? बघायला मिळते का?

लिमलेटची_गोळी

सगळ्यात नावाजलेली प्रत जर्मनीत हिल्डेसहाइमला. गंमत म्हणजे ती सुटं पुस्तक नाही, सेंट ऑल्बन्स साल्टर म्हणून इंग्लंडमधे 12व्या शतकात तयार झालेली लॅटिन स्तोत्रांची सचित्र पोथी आहे, तिच्यात हे फ्रेंच काव्य मधेच घातलेलं. पोथीचा संबंध क्रिस्टिना ऑफ मार्किएट या बाईशी लावतात. तिचंही लग्न मनाविरुद्ध लावलेलं, तीही पळाली, आणि एका साधूच्या खोपटात कोनाड्याएवढ्या जागेत लपून वर्षं काढली. तिच्यासाठीच हे काव्य आत घातलं असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. स्कॅन ऑनलाइन आहे, बघाच. अलेक्सिसच्या सुरुवातीला एक रेखाटन आहे, तीन दृश्यं एका ओळीत: बायकोचा निरोप, ती दारात, हा जहाजाकडे.

आणि कविता लोकांवर किती चढायची याचा पुरावा, 1173 च्या सुमाराला लियाँमधे वाल्देस नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याने रस्त्यात एका गाणाऱ्याकडून अलेक्सिसची गोष्ट ऐकली आणि सगळी मालमत्ता वाटून टाकली अशी एका जुन्या बखरीत नोंद आहे. वाल्डेन्सियन पंथ तिथून सुरू झाला.

घाटावरचा_गाडीवान

मी कस्टम क्लिअरिंगमधे, भाषेचं काही कळत नाय, पण पूर्ण धागा वाचला. राहणे या अर्थाचा फ्रेंच शब्द आम्ही देमुरे ऐकलावता. तो वेगळा का

लिमलेटची_गोळी

हो दादा, आणि तो तर तुमच्याच धंद्यातला निघेल. देमुरे लॅटिन देमोरारीवरून, त्याचा मूळ अर्थ उशीर लावणे, रेंगाळणे. जुन्या फ्रेंचमधे उशीर करणे आणि थांबणे हे दोन्ही, मग थांबता थांबता राहणे. आज राहण्याचाच अर्थ जास्त. पण उशिराचा अर्थ एका शब्दात जसाच्या तसा शिल्लक आहे. डेमरेज, माल वेळेत न उचलल्याचं जादा भाडं.

घाटावरचा_गाडीवान

काय सांगता! म्हणजे न्हावाशेव्याला माझा जो बॉक्स कागदासाठी पडून आहे तो तिथं 'राहतोय'

लिमलेटची_गोळी

बरोब्बर. भाडं भरून.

घाटावरचा_गाडीवान

भाडं दोन ठिकाणी हो ताई. फ्री डेज (बिनभाड्याचे दिवस) संपले की आवारात पडल्याचं वेगळं आणि शिपिंग लाइनचा डबा अडकवला त्याचं डिटेन्शन वेगळं. पार्टीला सांगितलं की पार्टी म्हणते दोन्ही एकच आहे, एकच घे. त्यांना आता हा धागा पाठवतो.

वऱ्हाडी_ठेचा

ताई तुमच्या ओळीचं काय ठरलं मंग

लिमलेटची_गोळी

"तिथेच तो असा सतरा वर्षं नांदला, आपल्या माणसांपैकी एकानेही त्याला ओळखलं नाही." तूर्तास हे. 'वावरला' पुढच्या कडव्यांसाठी राखून ठेवलाय, अजून बरीच बाकी आहेत.